पोरीचं नाव काय ठेवावं? विज्ञान अन् विद्येतली नावं, अनुभव लिहा

पाटीपेन्सिल
रविवारी नागपुरातल्या रमण विज्ञान केंद्रात तारांगणाच्या रांगेत मागून कोणीतरी ओरडलं, "अरुंधती, पाणी सांडू नको!" आणि घरातली नावांची जुनी वही आठवली. ज्यांनी अशी नावं सुचवली, ठेवली, कागदावर चढवली, त्यांनी नेमकं लिहा. अर्थ काय, उच्चार कसा होतो, कुठे फसतं. 'युनिक नावं २००' छाप याद्या नकोत.
सुरुवात अरुंधतीपासून. सप्तर्षीच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला खेटून असलेला अंधूक ठिपका अरुंधती. चैत्र-वैशाखात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला उंचावर असते. लग्नात नवरा-नवरीला दाखवतात तीच. नजर चांगली असेल तरच वेगळी दिसते. हाक मारायला मात्र चार अक्षरं, त्यामुळे घरोघरी 'अरू' होतं हे धरून चाला.

तारांगण
आकाशातली नावं घ्यायची तर नक्षत्रांपुरतं थांबू नका. देवयानी हा तारकासमूह आहे. त्यातली दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षं दूर, तरी अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनी धुरकट डागासारखी दिसते. शर्मिष्ठा तिच्या शेजारीच, इंग्रजी एमसारखी पाच ताऱ्यांची. सीताबर्डीच्या उजेडात दीर्घिका दिसायची नाही, पेंचला जा. तिथल्या व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरवलंय.
चित्रा निळसर पांढरी, स्वाती नारिंगी, रोहिणी तांबूस. बाळ गोरं की सावळं यावरून नाव सुचवणाऱ्या आत्याबाईंना हे रंग सांगा, जरा गप्प बसतात.

वऱ्हाडी ठेचा
जुळ्या पोरी झाल्या तं देवयानी-शर्मिष्ठा ठेवू नका बाप्पा. एकीनं दुसरीले विहिरीत ढकललं होतं.

संत्राबर्फी
😂😂 आणि नंतर नवरा एकच!

तारांगण
हो ते राहिलंच. ययातीचाही तारकासमूह तिथेच बाजूला आहे, सगळं कुटुंब एका ठिकाणी.
बरं, महत्त्वाचं नाव सुटलं: विभा. बिभा चौधुरी, विश्वकिरणांवर काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ (१९१३–१९९१). २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं एका ताऱ्याला त्यांचं नाव दिलं. त्याच्या ग्रहाचं नाव संतमस, तो ताऱ्याभोवती साधारण दोन दिवसांत एक फेरी मारतो. तारा डोळ्यांना दिसत नाही, लहान दुर्बीण लागते. बंगालीत बिभा, मराठीत विभा, अर्थ तेज. दोन अक्षरं, जोडाक्षर नाही, इंग्रजीत पाच अक्षरांत संपतं. यापेक्षा सोपं नाव मिळायचं नाही.

शुद्धलेखनकाकू
स्पेलिंगचा विषय निघालाच आहे तर. विद्येच्या नावांत दोन खड्डे: ज्ञ आणि ऋ.
प्रज्ञा आपण प्रद्न्या म्हणतो, हिंदीत प्रग्या. नागपुरात अर्धा वर्ग हिंदी बोलतो, तेव्हा मुलीला दोन्ही ऐकायला लागणार. बोलण्यातलं चालतं, पण कागदावर मराठी घर 'पी आर ए डी एन वाय ए' लिहितं आणि पुढे कोणीतरी ऐकून 'पी आर ए जी वाय ए' टंकतं. झाली दोन माणसं. प्रज्ञा, जिज्ञासा, ज्ञानदा ठेवायचं तर दवाखान्यातल्या पहिल्या फॉर्मवर इंग्रजी अक्षरं ठळक छापील लिहून द्या, तोंडी सांगू नका.
ऋ चं तसंच. आपला 'रु', त्यांचा 'रि'. कृत्तिका घ्या: यू की आय, एक टी की दोन, केवढे पर्याय होतात बघा! ऋतंभरा तर विचारूच नका. नाव सुंदर आहे, योगसूत्रात सत्य धारण करणाऱ्या प्रज्ञेला ऋतंभरा म्हटलंय, पण स्पेलिंग आयुष्यभर सांगत बसायची तयारी हवी.
आणि मराठीत शेवटचा इकार दीर्घ. श्रुती, धृती, मती. संस्कृतात किंवा हिंदीत ऱ्हस्व दिसलं म्हणून मराठी दाखल्यावर 'श्रुति' लिहू नका.

खामल्याचा
काकू, अंकशास्त्रवाले एक 'ए' जास्त घालायला सांगतात त्याचं काय?

शुद्धलेखनकाकू
घाला की. मग प्रत्येक खिडकीवर "डबल ए" म्हणत उभे राहा.

धंतोलीवाली
कागदांचं सविस्तर लिहिते, कारण इथेच सगळ्यांचा घोळ होतो.
जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते, तुम्ही राहता तिथे नाही. पहिलं बाळंतपण माहेरी अमरावतीला झालं तर दाखला अमरावतीचा. नागपूर मनपाच्या झोन कार्यालयात खेटे घालून उपयोग नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं २१ दिवसांत जन्माची नोंद व्हायला हवी, पण नाव त्या वेळी ठरलेलं नसलं तरी चालतं, रकाना रिकामा राहतो. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांत नाव भरलं तर शुल्क नाही, नंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत भरता येतं. म्हणजे दवाखान्यातला कर्मचारी दारात उभा आहे म्हणून घाईत 'परी' लिहायची गरज नाही.
एकदा भरलं की मात्र संपलं. कलम १५ चुकीच्या दुरुस्तीसाठी आहे. लेखनातली चूक सुधारते, घरच्यांचं मन बदललं म्हणून नाव बदलत नाही. हातात दाखला आला की खिडकीवरून हलायच्या आत मराठी ओळ आणि इंग्रजी ओळ दोन्ही अक्षर अक्षर वाचा.
१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, शाळेपासून पासपोर्टपर्यंत. आधी टीसीवर निभायचं, आता नाही.
आधार घाईत काढलं तर 'बेबी ऑफ' अमुक असं नाव पडतं. आधारमधलं नाव जन्मभरात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी तिथेच जाते. आधी दाखल्यावर नाव, मग बाल आधार.

संत्राबर्फी
ताई, आईचं नाव मध्ये लावायचं म्हणतात ते?

धंतोलीवाली
हो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी राज्य सरकारचा निर्णय आहे. शाळेच्या, महसुलाच्या कागदांवर क्रम असा: मुलीचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. म्हणून नाव निवडताना आता चारही एका दमात म्हणून बघा. आई प्रतिभा अन् लेक प्रभा असेल तर हजेरी घेणाऱ्याची जीभ अडखळते. आई विद्या, लेक मेधा, हे छान वाहतं.

वऱ्हाडी ठेचा
अन् आडनाव गडपायले असलं तं?

धंतोलीवाली
मग नाव दोन अक्षरीच ठेवा भाऊ 🙏

जुनी पोथी
अर्थाबद्दल बोलू का? इंटरनेटवरच्या याद्या अर्थ सर्रास चुकीचे देतात. वेदिकाला 'वेद जाणणारी' लिहितात. वेदिका म्हणजे यज्ञाचा ओटा. वाईट नाव नाही, पण ज्ञानाचं म्हणून ठेवत असाल तर तो अर्थ नाही. मेधा मात्र पक्कं. अमरकोशात 'धीर्धारणावती मेधा', म्हणजे शिकलेलं धरून ठेवणारी बुद्धी. नुसती हुशारी नव्हे. प्रमा फार थोडे ठेवतात, न्यायदर्शनात यथार्थ ज्ञानाला प्रमा म्हणतात. भ्रम नाही, संशय नाही, ते ज्ञान. फक्त फोनवर 'प्रेमा' ऐकू येतं.
आर्या तुम्हाला गल्लीगल्लीत सापडेल, पण कोणाला सांगा की आर्यभटानं इ. स. ४९९ च्या सुमाराचं आपलं गणित आर्या वृत्तात बांधलंय, म्हणजे जुन्या नावाला नवा भाव येतो.
गार्गी. जनकाच्या सभेत याज्ञवल्क्याला विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, मग पाणी कशात ओतप्रोत आहे? प्रश्नावर प्रश्न. आपला 'ओतप्रोत' शब्द विणकामातला आहे, ओत अन् प्रोत म्हणजे उभा-आडवा धागा. मागावर बसणाऱ्या आपल्या कोष्ट्यांना हा प्रश्न पंडितांपेक्षा लवकर कळला असता.

संत्राबर्फी
गार्गीचं शॉर्ट फॉर्म 'गार' होतं, मे महिन्यात नागपुरात यापेक्षा चांगली हाक नाही

जुनी पोथी
आणि आपल्या हक्काचं नाव कोणी घेतच नाही: लोपामुद्रा. महाभारतात ती विदर्भाच्या राजाची लेक, अगस्त्यांची बायको. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात १७९ व्या सूक्तात तिच्या ऋचा आहेत. विदर्भात लोपामुद्रा शोधून सापडत नाहीत.

तारांगण
अगस्त्य हा ताराही आहे, व्याधानंतरचा सगळ्यांत तेजस्वी. नागपूरहून हिवाळ्यात दक्षिणेला दिसतो, पण क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर येतो. इमारती आडव्या आल्या की गेला.

खामल्याचा
लोपामुद्राचं 'लोपा' होईल. व्याकरणात लोप म्हणजे गायब. हजेरीला गैरहजर लावतील.

पंचांगवाला
राशीच्या अक्षराची अडचण कोणी काढली नाही अजून, आश्चर्य आहे. अवकहडा चक्रात, म्हणजे पंचांगातल्या अक्षरांच्या तक्त्यात, नक्षत्राच्या प्रत्येक चरणाचं (चौथ्या भागाचं) अक्षर ठरलेलं. गंमत बघा, रोहिणी नक्षत्रावरच्या मुलीला ओ, वा, वी, वू येतात. 'रोहिणी' हे नाव 'रो'मुळे जातं स्वातीच्या तिसऱ्या चरणात. चित्रा हे नाव 'ची'मुळे रेवतीत, आणि रेवती पुन्हा स्वातीत. म्हणजे या तिघींचं नाव त्यांच्याच नक्षत्राला चालत नाही.
पण विज्ञानाची नावं बसतात. रोहिणीचं तिसरं चरण 'वी': विभा, विद्या. मघाचं चौथं 'मे': मेधा. धनिष्ठाचं पहिलं 'गा': गार्गी. भरणीचं पहिलं 'ली': लीलावती. ऱ्हस्व-दीर्घ इथे बघत नाहीत. ङ, ञ, ण आले तर नाव सुरूच होऊ शकत नाही, म्हणून जन्मनाव पत्रिकेपुरतं ठेवा आणि व्यवहाराचं मोकळं निवडा. तशी पद्धत आहेच, आजी नाराज होत नाही.

तारांगण
काका, विभा रोहिणीत बसते हे भारी आहे.

जुनी पोथी
लीलावती म्हटलं तर भास्कराचार्यांचा ११५० चा ग्रंथ. त्यात बेरजेचं पहिलं उदाहरण थेट हाक मारून विचारलंय, "अये बाले लीलावति मतिमति", सांग बरं, २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांची बेरीज किती?

वऱ्हाडी ठेचा
३६०. कॅल्क्युलेटर नाही लावला, आईशप्पथ.

मौजे हिंगणा
शास्त्रज्ञ बायकांच्या नावांवर दोन ओळी, कुकर लावलाय. कमला: कमला सोहोनी, जीवरसायन, १९३९ ला केंब्रिजची पीएचडी. बंगळूरच्या संस्थेत रामनसाहेबांनी आधी 'मुलगी आहे' म्हणून घेतलं नव्हतं, मग अटी घालून घेतलं. कमलाबाईंनी पुढे नीरा या पेयावर काम केलं, नीरा पण बघा. असीमा: असीमा चॅटर्जी, रसायन. इरावती: कर्वे, मानववंशशास्त्र, ब्रह्मदेशात जन्म म्हणून तिथल्या नदीचं नाव. आनंदी ठेवणाऱ्यांनी एक माहीत ठेवा, डॉ. आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना, आनंदी लग्नानंतरचं. आणि नागपुरात दलित मुलींसाठी शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरींचं जाई, ते तर फूलही आहे.

खामल्याचा
'कक्षा' कसं वाटतं? ग्रहाची कक्षा.

शुद्धलेखनकाकू
नागपुरात नको. हिंदीत कक्षा म्हणजे वर्ग. "नाम?" "कक्षा." "कक्षा नहीं, नाम बताओ."

वऱ्हाडी ठेचा
'त्रिज्या' ठेवा मग. वर्तुळ काढता येते 😄
अन् 'ऊर्जा' ठेवली तं लाइट गेल्यावर सारे तिलेच विचारतीन.

संत्राबर्फी
विषय सोडून विचारते, बारशाच्या घुगऱ्या ४० माणसांना किती?

मौजे हिंगणा
प्रसादापुरत्या असतील तर दीड किलो कोरडे हरभरे, वाटी भरून द्यायच्या तर अडीच. भिजून दुपटीच्या वर होतात, पातेलं मोठं घ्या. आठ-दहा तास पुरेत. उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर ठेवले की सकाळी फेस अन् आंबूस वास येतो, म्हणून रात्री एकदा पाणी बदला किंवा फ्रिजमध्ये ठेवा. मीठ शिजल्यावर घाला.

पाटीपेन्सिल
वहीत विभा, प्रमा, लोपामुद्रा चढवली. काकू, लोपामुद्राचं स्पेलिंग एकदा सांगून ठेवा, ओ एकच ना?

शुद्धलेखनकाकू
एकच. आणि शेवटी एकच ए.