प्रतिसाद: कोविड फुफ्फुसाचा, मग गुठळी मेंदूत कशी?

वर विचारलंय की विषाणू फुफ्फुसात आणि गुठळी मेंदूत हे कसं काय. अहो, जोराच्या संसर्गात रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुजतं, रक्त गोठायची यंत्रणा भलतीच चेकाळते, आणि रक्त तर सगळीकडेच फिरतंय. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी कळवलं होतं की दोन आठवड्यांत पन्नाशीच्या आतले ५ कोविड पेशंट मेंदूच्या मोठ्या धमनीत गुठळी होऊन स्ट्रोक (मेंदूचा रक्तपुरवठा अडून येणारा झटका) घेऊन आले, आणि त्यातल्या दोघांनी तर हॉस्पिटलच्या भीतीनेच अँब्युलन्स बोलवायला उशीर केला! गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हो.

हा झाला धमनीतल्या गुठळीचा प्रकार; दुसरा प्रकार मेंदूच्या शिरेतल्या गुठळीचा, तो जास्त फसवा. दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, धूसर दिसणं, कधी एकदम फिट येणं (आकडी). साधा सीटी स्कॅन नॉर्मल येऊ शकतो, मग एमआर व्हेनोग्राफी (एमआरआय मशीनवर शिरांची तपासणी) करावी लागते. आणि गंमत म्हणजे थोडा रक्तस्राव दिसत असला तरी बहुतेक वेळा हेपॅरिनच (रक्त गोठू न देणारं औषध) देतात, नातेवाईक हादरतात ते ऐकून. पण म्हणून ताप आला की घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन (तीही रक्त पातळ करते) सुरू करू नका, त्यात डेंगी निघाला तर रक्तस्राव होऊन भलतंच व्हायचं.