मदत हवी आहे : सिनामाकसाठी व्हिनेगर आणि कालामान्सीला पर्याय

नमस्कार मंडळी. फिलिपिन्सहून ठाण्याला परत आल्यापासून घरी सगळ्यांना तळलेल्या माशाबरोबर तिथल्या इलोइलो प्रांतातलं सिनामाक, म्हणजे मसाले मुरवलेलं व्हिनेगर, हवंच असतं. नारळाच्या माडीचं व्हिनेगर, त्यात ठेचलेला लसूण, अख्खी मिरी, गलांगलच्या (आल्यासारख्या कंदाच्या) चकत्या आणि बुटक्या जहाल मिरच्या घालून बाटली मुरवत ठेवायची. मासा मात्र नुसत्या मिठाचा, कुरकुरीत तळलेला. रवा-मसाला लावला की या चटणीची मजाच जाते, हे माझं ठाम मत. इथे मी बांगडा वापरते.

अडचण व्हिनेगरची आहे. बाजारातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर नुसतं घशाला लागतं, माडीचा तो मऊ आंबटपणा त्यात नाही. गोव्याचं माडाचं व्हिनेगर कोणी असं मिरची-लसूण घालून मुरवलंय का? मुंबई-ठाण्यात खात्रीचं कुठे मिळेल?

दुसरं, सोया सॉसमध्ये पिळायला कालामान्सी (तिकडचं छोटं लिंबू) नाही. आपलं कागदी लिंबू फार एकसुरी आंबट वाटतं. त्यात थोडा संत्र्याचा रस घालावा, की ईडलिंबू बरं? कोणी करून पाहिलं असेल तर प्रमाणासकट सांगा, प्लीज.