बाबांना गावात हेल्मेट घालायला कसं पटवायचं? (कोथरूड, अ‍ॅक्टिव्हा, वय ६४)

कर्वेरोड_त्रस्त

नमस्कार मंडळी. विषय जुना आहे आणि यावर इथे आधी बऱ्याच हाणामाऱ्या झाल्यात हे माहितीये, सक्ती असावी का नसावी हा माझा प्रश्न नाहीये (तरी तुम्ही तिकडेच जाणार, असो).

माझे बाबा ६४, बँकेतून रिटायर झालेत. रोज सकाळी अ‍ॅक्टिव्हा काढून कोथरूडहून मंडई, तिथून लक्ष्मी रोडला काहीतरी काम काढायचं, मग कुणा मित्राकडे चहा, असं जेवायच्या वेळेपर्यंत चालू असतं. हेल्मेट आहे, गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्याने दिलेलं, ते डिकीत असतं आणि परवा त्यात लिंबं आणि आल्याचा तुकडा सापडला. गंमत म्हणजे कात्रजच्या पुढे साताऱ्याकडे जायचं असलं की स्वतःहून घालतात, कुणी सांगावं लागत नाही. पण गावात नाही म्हणजे नाही. मान दुखते (स्पॉन्डिलायटिस आहे, खोटं नाही), मागचा हॉर्न ऐकू येत नाही, गावात तीसच्या वर गाडी जातेच कुठे, आणि शेवटचं ब्रह्मास्त्र म्हणजे मी लूनापासून गाडी चालवतोय तू मला शिकवू नकोस. २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटच्या विरोधात लोक पगड्या घालून उतरले होते आठवतंय का, तेव्हा आमचे हे टाळ्या वाजवायला गेले होते.

अपघाताचे व्हिडिओ दाखवून झालेत, ते फोन उलटा ठेवतात. रडून पण झालंय. तर कुणाच्या घरी असा माणूस असेल आणि काही उपयोग झाला असेल तर सांगा, आणि मानेला झेपेल असं हेल्मेट कुठलं घ्यायचं ते पण सांगा.

घाटमाथा

ताई, आधी ते लिंबाचं हेल्मेट काढून टाका. गाडीबरोबर आयएसआय हेल्मेट द्यायचं असा नियमच आहे, म्हणून शोरूमवाले देतात, पण तुमच्या डोक्याचं माप कोण घेतं तिथे, जे हातात येईल ते पिशवीत घालून देतात. आणि न बसणारं हेल्मेट घातलं की मान दुखणारच, कारण ते सैल असतं, वाऱ्याने मागे ओढलं जातं, स्पीडब्रेकरवर पुढे येतं आणि माणूस मानेने ते सावरत बसतो. निम्म्या लोकांचं मान दुखतं प्रकरण हे वजनाचं नसून मापाचं असतं असं माझं मत आहे (डॉक्टर नाही, ग्रुप राईडला नवीन पोरांची हेल्मेटं तपासायचं काम माझ्याकडे असतं म्हणून बोलतोय).

शिंप्याचा टेप घ्या, भुवयांच्या बोटभर वरून आणि मागे डोकं जिथे सगळ्यात फुगीर आहे तिथून फिरवा. ५७-५८ सेंटीमीटर आलं तर बहुतेक कंपन्यांचं मीडियम, ५९-६० म्हणजे लार्ज, पण कंपनीगणिक फरक पडतो त्यामुळे ऑनलाइन मागवू नका, बाबांना दुकानात न्या. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. हेल्मेट धरून डावीउजवीकडे हलवलं तर गालाची कातडी बरोबर हलली पाहिजे, हेल्मेट एकटंच फिरलं तर एक साइज खाली या. दुकानदार "वापरून सैल होईल" म्हणतो ते खरं असतं, आतला कपडा आणि फोम दबतो, त्यामुळे नवीन असताना किंचित टाइटच घ्यायचं. मात्र कपाळावर एका जागी टोचत असेल तर ते मॉडेल सोडा, डोक्याचा आकार आणि त्याचा आकार जुळत नाहीये.

वजन: दुकानात दोन-तीन मॉडेल हातात घेऊनच बघा, फरक लगेच कळतो. मी स्वतः फुलफेसवाला आहे, कारण तोंडावर पडलो तर हनुवटी आणि दात ओपन फेसमध्ये उघडेच राहतात. पण ६४ वर्षांच्या माणसाने डिकीत ठेवलेल्या फुलफेसपेक्षा डोक्यावर असलेलं ओपन फेस शंभर पटीने बरं. फक्त कान झाकणारं आणि पुढे लांब काच असलेलं घ्या. ते वाटीसारखं अर्धं मिळतं ते नको.

आयएसआयचा छाप बघा, त्याखाली आयएस ४१५१ लिहिलेलं असतं. जून २०२१ पासून दुचाकीसाठी आयएसआय नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे तरी रस्त्याच्या कडेला दोरीला टांगून विकतातच, नुसता स्टिकर तर कुणीही छापतो. आत बोट घालून बघा, कापडाखाली जाड कडक थर्माकोल लागला पाहिजे. मार तोच खातो, वरचं प्लास्टिक नाही, आणि तो एकदा दबला की परत फुगत नाही, म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चकाचक दिसलं तरी टाकून द्यायचं.

पट्टा लावायला शिकवा. बेल्ट न लावता फिरणारे बघितले की माझं डोकं फिरतं, पडल्यावर हेल्मेट एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. मोटार वाहन कायद्याच्या १२९ कलमातसुद्धा हेल्मेट पट्ट्याने घट्ट बांधलेलं असावं असंच आहे, नुसतं डोक्यावर ठेवलेलं चालत नाही.

सदाशिवपेठी_पाटी

झालं, सुरू झाले सगळे. कर्वेरोड ताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा, माणूस स्वाभिमानी आहे.

आमचा विरोध हेल्मेटला कधीच नव्हता, सक्तीला होता, हे गेली कित्येक वर्षं सांगतोय पण ऐकतो कोण. रस्त्यावरचे खड्डे, मधेच वर आलेली ड्रेनेजची झाकणं, पावसात वाहून आलेली खडी, पेव्हर ब्लॉकवरचं शेवाळ, याची जबाबदारी कुणाची? त्याला दंड कोण करतं? पण चौकात झाडामागे उभं राहून गरीब स्कूटरवाल्याला पकडायला बरोबर जमतं. केंद्राच्या कायद्यात १९४ डी म्हणून कलम घातलंय, हजार रुपये आणि तीन महिने लायसन्स बाद. आणि २०१६ ला तर परिवहनमंत्री रावतेंनी हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही अशी टूम काढली होती, पंपावर लोक एकमेकांची हेल्मेटं उसनी घ्यायला लागतील हे शेंबड्या पोराला कळत होतं, शेवटी गुंडाळलीच ना ती.

आणि हे पुणेकरच तिरके असं जे लावलंय ना सगळ्यांनी, त्यांनी इंग्लंडचं बघा. तिकडे १९७३ ला सक्ती आली, तर फ्रेड हिल नावाचे एक निवृत्त गणिताचे मास्तर, दुसऱ्या महायुद्धात मोटरसायकलवरून निरोप पोचवायचं काम केलेले, ते मुद्दाम बिनहेल्मेटचे फिरायचे, दंड भरायचे नाहीत आणि तुरुंगात जायचे. १९८४ ला तुरुंगातच वारले, वय ७४. आता बोला.

तीसच्या स्पीडचा मुद्दा वडिलांचा बरोबर आहे. लक्ष्मी रोडला तीस? वीस म्हणा.

घाटमाथा

पाटीकाका, खड्ड्यांबद्दल शंभर टक्के सहमत, पण खड्डे आहेत म्हणून हेल्मेट नको हे गणित मला कधी कळलं नाही, खड्डे आहेत म्हणूनच तर पाहिजे ना.

आणि वीसचं म्हणाल तर स्पीड शून्य धरू. सिग्नलला गाडी उभी आहे, मागून रिक्षाने धक्का दिला आणि माणूस आडवा झाला. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर वर असतं. तिथून सरळ खाली आलं तर रस्त्याला टेकताना वेग सेकंदाला साडेपाच मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी जवळजवळ वीस किलोमीटर. दहावीचं फिजिक्स आहे, करून बघा. गाडीचा वेग त्याच्यात नाहीच. तुमच्या त्या गणिताच्या मास्तरांनी हे कधी मांडून बघितलं होतं का कोण जाणे.

इंग्लंडचीच दुसरी गोष्ट सांगतो. अरबस्तानवाला लॉरेन्स (पहिल्या महायुद्धात गाजलेला ब्रिटिश अधिकारी) १९३५ ला मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागून गेला, त्याला तपासायला जे डॉक्टर होते त्यात ह्यू केर्न्स म्हणून मेंदूचे सर्जन होते. त्यांनी पुढे लष्करातल्या निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास केला, १९४१ ला छापला आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने निरोप्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. फ्रेड मास्तर ज्या खात्यात होते ना, तिथेच.

नाईट_ड्युटी

मी कॅज्युअल्टीला काम करते, कुठे ते सांगत नाही. वर स्पीडवर चाललंय म्हणून लिहितेय. आमच्याकडे डोक्याला मार लागून येणारे सगळे काही ताम्हिणी घाटाच्या वळणांवर बाईक झोपवणारे नसतात, पाऊस पडला की घराजवळच घसरलेले, कुत्रं आडवं आलेले, मागे बसलेल्या बायका स्पीडब्रेकरवर उडालेल्या, ओढणी चाकात गेलेल्या, असे पण खूप. नातेवाईक सांगतात अहो कोपऱ्यावरच चालले होते, दूध आणायला.

आकडे हवे असतील तर केंद्राच्या २०२२ च्या अहवालात रस्ते अपघातात मेलेले १ लाख ६८ हजार ४९१, त्यात हेल्मेट नसलेले ५० हजार २९, आणि या पन्नास हजारात १४ हजार ३३७ मागे बसलेले. आणि २००८ च्या कॉक्रेनच्या आढाव्यात, म्हणजे जगभरचे अभ्यास एकत्र करून, हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका साधारण ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो असं आलंय. मानेच्या दुखापतीबद्दल त्यात ठोस काही निघालं नव्हतं, ना चांगलं ना वाईट. बाबांना स्पॉन्डिलायटिस आहे तर फिजिओला विचारा, हेल्मेट घेऊन जा बरोबर आणि घालून दाखवा. घरातल्यांनी सांगितलेलं ऐकत नाहीत ते लोक फिजिओचं मात्र ऐकतात, कारण त्याला पैसे दिलेले असतात.

मिशिगनचा_मावळा

मी मूळचा चिंचवडचा, सध्या डेट्रॉइटजवळ. इथे २०१२ ला हेल्मेटची सक्ती उठवली. २१ वर्षं पूर्ण, मोटरसायकलचं लायसन्स दोन वर्षं जुनं किंवा सेफ्टी कोर्स केलेला, आणि निदान वीस हजार डॉलरचा मेडिकल विमा, मग घाला नाहीतर नका घालू. पाटीकाकांचा स्वर्ग. उन्हाळ्यात हार्लेवाले काका लोक डोक्याला रुमाल बांधून फिरतात. पण बघा, इथे सरकार म्हणतं तुझं डोकं तुझं, फक्त बिल आमच्यावर टाकू नको, आणि वीस हजार डॉलर इथल्या हॉस्पिटलात किती दिवस पुरतात ते इथे राहणाऱ्याला विचारा. आपल्याकडे ते बिल मुलीच्या नाहीतर जावयाच्या खिशातून जातं एवढाच फरक. बाबांशी हे बोलून बघा, बँकेतले आहेत, हिशोब कळेल.

सदाशिवपेठी_पाटी

हिशोब आम्हाला कळतो हो. आमचं आम्ही बघून घेऊ. पण उभ्या गाडीवरून वीसचा स्पीड येतो हे मात्र मी वहीत करून बघितलं, बरोबर येतंय. यावर आत्ता एवढंच.

स्कार्फवाली

कुणीच विचारलं नाही म्हणून मी विचारते, आईचं काय? त्या मागे बसतात ना? मुंबईत तर जून २०२२ पासून मागच्यालाही हेल्मेट नसलं की पकडतात, आणि कायद्यात चार वर्षांच्या वरचा प्रत्येक जण येतो. इथे सगळी चर्चा बाबांच्या मानेवर चाललीये आणि काकू एका बाजूला पाय सोडून, एका हातात भाजीची पिशवी घेऊन बसलेल्या असणार, पैज लावते.

केसांचं म्हणाल तर आतून पातळ सुती रुमाल बांधायचा, घाम त्यात जिरतो, तो रोज धुवायचा. जाड स्कार्फचे चार वेढे घालून त्यावर हेल्मेट चढवू नका, मग माप चुकतं आणि वरच्या दादांनी सांगितलेलं सगळं फुकट. अंबाडा पण खाली मानेवर घ्यायचा, वर बांधला तर हेल्मेट बसत नाही.

कर्वेरोड_त्रस्त

सगळ्यांना थँक्यू, थोडी प्रगती आहे म्हणून लिहितेय.

बाबांना काहीच पटवलं नाही. टेप घेऊन गेले आणि म्हटलं डोक्याचं माप द्या, तर म्हणे कशाला, म्हटलं एक जण म्हणतोय की तुमच्या पिढीच्या लोकांची डोकी मोठी असतात. लगेच ताठ बसले. ५८ आलं, थोडे नाराज झाले. मग उभ्या गाडीचं ते गणित ऐकवलं तर पेन मागितलं, आणि दीड मीटर कशावरून म्हणून स्वतः अ‍ॅक्टिव्हावर बसून आईला टेप धरायला लावला. आमच्या पार्किंगमध्ये शेजारचे दोघंतिघं बघायला जमले.

रविवारी दुकानात गेलो, ओपन फेस घेतलं, काचेवालं, जुन्यापेक्षा बरंच हलकं. दुकानदाराशी पट्ट्याच्या क्लिपवरून वाद घातला, एक परत करायला लावलं, म्हणजे रस आलाय असं मी समजते. अटी पुढीलप्रमाणे आहेत: पोलिसांनी सांगितलं म्हणून नाही, मी सांगितलं म्हणून पण नाही, आणि मान दुखली तर बंद. हॉर्नचा मुद्दा अजून लावून धरलाय, पण काल डेक्कनला मागून बसवाल्याने हॉर्न मारला तर त्याच्या नावाने घरी येईपर्यंत शिव्या चालू होत्या, म्हणजे ऐकू आला असणार.

स्कार्फवाली, पैज जिंकलीस. आई तश्शीच बसते. तिने तिचं पण घे म्हणून सांगितलंय, मरून रंगाचं हवंय, माप ५५. आता मला सांगा, अ‍ॅक्टिव्हाच्या डिकीत एक कसंबसं मावतं, दोन माणसं मंडईत उतरली की दुसरं हेल्मेट ठेवायचं कुठे? आरशाला अडकवलं तर जाईल.

घाटमाथा

आरशाला नकोच, चोरीला नाही गेलं तरी आतला थर्माकोल आरशाच्या टोकावर दबतो. सायकलची केबल लॉक मिळते ना बारीक, नंबरवाली, ती घ्या. दोन्ही हेल्मेटांच्या पट्ट्याच्या कड्यातून नाहीतर हनुवटीखालच्या जागेतून ओवून गाडीच्या मागच्या हँडलला बांधायची. पट्टा कापून नेणारे असतात पण मग ते हेल्मेट त्यांच्याही उपयोगाचं राहत नाही. पावसात उलटं टांगू नका.

सदाशिवपेठी_पाटी

मंडईत बाबू गेनू चौकाच्या बाजूला गाडी लावत असाल तर ओळखीच्या भाजीवाल्याकडे ठेवा. आम्ही तसंच करतो.

घाटमाथा

आम्ही?? काका?

सदाशिवपेठी_पाटी

मिसेसचं आहे.