पायरॅनोमीटर: +८० आणि −८० अंशांत एवढी तफावत कशी?

तिरकस_ऊन:
पायरॅनोमीटर म्हणजे ऊन मोजायचं यंत्र; त्याचा कोसाइन एरर, म्हणजे तिरक्या उजेडात वाचन कोनाच्या कोसाइनप्रमाणे न आल्यानं होणारी चूक, आपोआप मोजायला फिरतं टेबल केलंय. आडवा झोत, स्टेपर मोटर, दिव्यापुढे शटर. प्रत्येक कोनाला मिनिटभर थांबून उजेडातलं वाचन, मग शटर पाडून अंधारातलं, आणि दोन्हींची वजाबाकी. रात्री लावून घरी जाते, सकाळी आलेख तयार. आणि आलेख हा असा: +६० ला +१.४ टक्के, −६० ला −२.२, +८० ला +४.७, −८० ला थेट −७.१. सेन्सरच लंगडा आहे का? प्रोग्रॅममध्ये दोन्ही बाजूंची सरासरी टाकली की आलेख देखणा होतो, पण मनाला पटत नाही.

गिअरवाला:
बॅकलॅश, म्हणजे गिअरच्या दात्यांतली ढिलाई. दर वेळी कोनावर एकाच दिशेनं या.

तिरकस_ऊन:
तशीच येते हो. तो धडा आधीच झालाय.

जुना_घुमट:
दोन बाजूंतल्या फरकाचं निम्मं काढा. ६० ला १.८, ८० ला ५.९, म्हणजे सव्वातीन पट. सेन्सर आसापासून बाजूला सरकलेला असता तर दिव्यापासूनचं अंतर साइनच्या हिशेबानं बदललं असतं आणि चूक जेमतेम १.१४ पट वाढली असती. सव्वातीन पट ही टॅनची चाल. शून्य चुकलंय, साधारण ०.६ अंशानं. ऐंशीला एक अंश चुकला की दहा टक्के गेले! शून्य लिमिट स्विचनं, म्हणजे टेबल येऊन टेकलं की दबणाऱ्या बटणानं ठरवलंत ना?

सरासरी मात्र काढून टाका. चूक टेबलाची असेल तर ठीक, पण आतला थर्मोपाइल (उजेडानं तापून वाचन देणारा सेन्सर) यंत्रावरच्या पाणसळीशी तिरका बसला असेल तर तो यंत्राचाच दोष, उघड्यावर नेलं तरी सोबत जाणार. सरासरी दोन्ही चुका पुसते. यंत्र स्वतःभोवती १८० अंश फिरवून पुन्हा मोजा: टेबलाची चूक तशीच राहील, यंत्राची उलटेल. त्याआधी पाणसळ आणि बूड समांतर आहेत का बघा, नाहीतर भलत्यालाच दोष द्याल.

तिरकस_ऊन:
बघितलं, मग फिरवलं. ८० चं निम्मं ५.९ वरून ४.१ वर आलं. म्हणजे ५ टक्के टेबलाचे, ०.९ यंत्राचे. अर्धा अंश माझा, दशांशभरही नाही त्याचा. स्विच होताच, तोही नजरेनं बसवलेला. टेबलाचा वाटा वजा केला तर वाईट बाजूला −२.१ टक्के उरतात. १००० वॅटच्या झोतात ८० अंशाला १७४ वॅट पडतात, म्हणजे चूक पावणेचार वॅटच्या आत. आयएसओ ९०६० या पायरॅनोमीटरच्या प्रतवारीच्या मानकात 'ए' वर्गाला ±१० वॅटची मुभा आहे. उगाच बिचाऱ्याला लंगडं म्हटलं.

जुना_घुमट:
हे एकाच प्रतलात झालं. आता ९० अंश फिरवून एक रात्र लावा, मग बोलू.