इनोव्हेशन: नावीन्यता, नवोपक्रम की नवप्रवर्तन?

प्रश्न, रत्नागिरीहून

बारावीच्या अर्थशास्त्राच्या मुलांसाठी टिपण लिहिते आहे. विषय असा की, विकसनशील देशांत इनोव्हेशन कशामुळे वाढतं आणि कुठे अडतं. 'नावीन्यता' लिहू, 'नवोपक्रम' लिहू की हिंदीतला 'नवाचार' घेऊ? शिवाय 'संस्थात्मक घटक' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे कॉलेज नाहीतर पतसंस्था येते. जाणकारांनी सांगावं.

उत्तर, वेंगुर्ल्याहून

ताई, 'नावीन्यता' आधी बाजूला ठेवा. 'नवीन'चं भाववाचक नाम 'नावीन्य' किंवा 'नवीनता'. 'नावीन्य'ला पुन्हा 'ता' लावणं म्हणजे 'सौंदर्यता' म्हणण्यासारखं. शासनाच्या कौशल्य विभागाच्या नावात तो शब्द आहे, म्हणून तो रूढ होत चाललाय. मुलांना तरी शुद्ध रूप मिळू दे. 'नवाचार' ऐकल्यावर मराठी माणसाला आचरण आठवतं. 'नवोपक्रम' शाळांत रुळला आहे, पण उपक्रम म्हणजे हाती घेतलेलं काम. ते तडीस गेलं की नाही, हे त्या शब्दातून कळत नाही.

अर्थशास्त्रात तर सगळा भर तडीस जाण्यावरच आहे. अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पेटरने १९११ च्या ग्रंथात शोध लागणं आणि तो व्यवहारात उतरणं यांत फरक केला. नवा माल, नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि उद्योगाची नवी रचना, हे पाचही त्याने इनोव्हेशनमध्ये धरले. इनोव्हेशन मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेची, ऑस्लो मॅन्युअलची, २०१८ ची व्याख्याही तीच अट घालते: वस्तू वापरणाऱ्यांपर्यंत पोचली पाहिजे किंवा पद्धत प्रत्यक्ष वापरात आली पाहिजे. म्हणून मी 'नवप्रवर्तन' म्हणेन. प्रवर्तन म्हणजे चालू करणं, गती देणं. धम्मचक्र प्रवर्तन दिनामुळे हा शब्द घरोघरी माहीत आहे, मुलांना अवघड जाणार नाही.

उदाहरण आमच्या गावचंच घ्या. इथल्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' आंबा काढला, १९८१ साली. संशोधन म्हणून ते उत्तमच. पण बाजार हापूसच्या नावाला पैसे मोजतो, आणि एकदा लावलेलं कलम पुढच्या पिढीपर्यंत जागा अडवतं. मग बागायतदार धोका का पत्करेल? काजूचं उलट झालं. वेंगुर्ला-४ सारख्या जाती केंद्रात तयार झाल्या, कोवळ्या रोपावर बांधायच्या मृदुकाष्ठ कलमांमुळे रोपवाटिकांना भरपूर रोपं करता येऊ लागली, आणि १९९०-९१ मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. खड्डे, कलमं, खतं आणि मजुरी यांचं अनुदान तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळत गेलं. डोंगरउताराच्या हलक्या, वरकस जमिनीवर काजू उभा राहिला. संशोधन, रोपवाटिका आणि योजना एका रेषेत आल्या, तेव्हा प्रवर्तन झालं.

'संशोधन' हा शब्दही जपून वापरा, हिंदीत त्याचा अर्थ दुरुस्ती होतो. आपण संशोधन आणि विकासावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो (२०२०-२१), आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा एक तृतीयांशाहून थोडाच जास्त. दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास आहे, तिथे मोठा भार उद्योग उचलतात. तरीही जागतिक नवप्रवर्तन निर्देशांकात भारत २०१५ साली ८१ वा होता, तो २०२४ मध्ये ३९ वा झाला. म्हणजे खर्चाच्या एका आकड्यावर सगळं ठरत नाही, हे मुलांना जरूर सांगा.

देवगडहून

कलमा सगळ्यांका गावतीत, पण सातबारो एकाच्या नावार खंय आसा? निम्मे हिस्सेदार मुंबईत. सह्यो मिळाल्याबिगर कर्ज नाय नी योजना नाय.

उत्तर, वेंगुर्ल्याहून

काका, ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच दिलंत. अर्थशास्त्रज्ञ डग्लस नॉर्थने १९९० च्या पुस्तकात 'इन्स्टिट्यूशन' म्हणजे समाजातल्या व्यवहाराचे नियम, लिखित आणि अलिखित, असं मांडलं. संघटना त्या नियमांच्या चौकटीत काम करतात. मराठीत हा अर्थ आधीपासून आहे. विवाहसंस्था, कुटुंबसंस्था, जातिसंस्था म्हणताना कुणाला इमारत आठवत नाही. तेव्हा 'संस्थात्मक' खुशाल ठेवा, फक्त या जोडशब्दांपासून सुरुवात करा. सामाईक सातबारा ही संस्था, पेटंट कायदा ही संस्था. २००५ च्या दुरुस्तीने औषध बनवण्याच्या पद्धतीलाच नव्हे, तर खुद्द औषधालाही पेटंट मिळू लागलं आणि आपल्या औषध कंपन्यांना आपली वाट बदलावी लागली. हेही उदाहरण देता येईल.

रत्नागिरीहून

दोघांचेही आभार. मग 'ड्रायव्हर्स ऑफ इनोव्हेशन'मधल्या 'ड्रायव्हर्स'ला 'चालक' चालेल का?

उत्तर, वेंगुर्ल्याहून

नको. 'प्रेरक'ही सगळीकडे बसणार नाही, कारण अनुदान प्रेरणा देतं आणि सामाईक सातबारा अडवतो. 'कारक घटक' लिहा, त्यात दोन्ही येतात.