ग्रेज (करडा आणि बेज मिळून झालेला रंग) की ऑफव्हाइट? दोन शेडमध्ये अडकलोय, मदत हवी आहे

प्रश्न: खोली १२ × १४ फूट, उंची १० फूट. एकच खिडकी, थेट ऊन येत नाही. फरशी लालसर लाकडी, भिंतींचा जुना रंग फिकट पीच. ग्रेजचा एलआरव्ही (रंग किती टक्के उजेड परत फेकतो ते) ६०, ऑफव्हाइटचा ७३. भिंतीवर लावलेला ग्रेजचा पट्टा दुपारी हिरवट दिसतो आणि रात्री गुलाबीसर. कालवताना काही चुकलं असेल का?

उत्तर १: बहुतेक नाही. पीचच्या शेजारी करडा ठेवला की डोळ्याला तो निळसर-हिरवट भासू शकतो. नमुना पुठ्ठ्यावर घ्या: २ × २ फूट, पांढऱ्या प्रायमरचा एक हात, वर शेडचे दोन हात, तेही भिंतीला वापरणार त्याच रोलरने. पूर्ण एक दिवस वाळू द्या, कारण इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) ओलं असताना फिकट दिसतं. मग मागे मोठा पांढरा कागद लावून बघा, खरी झाक तिथे उघडी पडते. पुठ्ठा उभाच ठेवा; आडवा ठेवला की वरचा उजेड पडून रंग उगाच उजळ वाटतो. खिडकीच्या भिंतीवरही धरून बघा, सगळ्यात मळकट तिथेच दिसेल.

उत्तर २: रात्रीचा गुलाबीपणा बल्बचा आणि फरशीचा. २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळट-तांबूस) उजेड मुळातच तांबूस, त्यात लाल फरशीवरून परतलेला उजेड भिंतीच्या खालच्या भागावर चढतो. ३५०० ते ४००० केल्विन, सीआरआय (बल्बखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप, कमाल १००) ९० च्या वरचा एक बल्ब लावून बघा. अख्खी शेड बदलण्यापेक्षा हे सोपं.

प्रश्नकर्ता: ग्रेज अर्ध्या ताकदीत, म्हणजे रंगद्रव्य निम्मंच घालून, कालवून घेतला तर?

उत्तर १: उजळेल, पण झाक तीच राहील. शिवाय पुढे डाग झाकायला तोच रंग पुन्हा जुळवणं म्हणजे डोकेदुखी. घ्यायचाच तर सगळा एकदम घ्या. दार-खिडकी वगळून भिंती साधारण ४७५ चौरस फूट होतात. दोन हातांना ८ लिटरच्या आसपास, डब्यावरचं कव्हरेज बघून थोडं कमी-जास्त. सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून ढवळा, नाहीतर दोन डब्यांतला फरक ऐन भिंतीच्या मध्यावर दिसतो.

माझ्या मते ऑफव्हाइटच. ऊन नसलेल्या खोलीत फक्त आभाळाचा निळसर उजेड येतो, त्यात ६० चा ग्रेज मरगळलेला दिसेल. फिनिश मॅट ठेवा, सॅटिनमध्ये (हलकी चमक असलेल्या फिनिशमध्ये) पुट्टीचे सगळे उंचवटे चमकतात.