होमर, मॅटिंगलीचे कल्ले आणि टक्केवारी

बाप्या_ब्राँक्स:
कालची ती पोस्ट वाचून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबलं. म्हणे 'सिम्प्सन्स' या कार्टूनमधला १९९२चा बेसबॉलवरचा भाग 'होमर ॲट द बॅट' उगाच डोक्यावर घेतलाय, मेजर लीगचे (अमेरिकेतली अव्वल बेसबॉल लीग) नऊ खरे स्टार गोळा केले की झालं, लेखन कुठंय त्यात? अहो, होमरचा मालक बर्न्स कंपनीच्या टीमसाठी हे स्टार आणतो, आणि त्यातल्या आठ जणांची आठ तऱ्हेने वाट लावलीय! ग्रिफीचं डोकं टॉनिक पिऊन फुगतं, बॉग्ज ब्रिटनचा भारी पंतप्रधान कोण यावरून बारमध्ये मार खातो, आणि शेवटी उरतो एकटा स्ट्रॉबेरी. त्याच मॅचमध्ये नऊ होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखे) मारलेत, तिन्ही बेसवर आपलेच खेळाडू, आणि बर्न्स त्याला बसवतो, का तर पिचर (बॉल टाकणारा) डावरा आणि हाही डावरा, डावऱ्यापुढे डावरा म्हणे कमी मारतो. टक्केवारी! मग होमर जातो, टाळक्यात बॉल खातो, बॉल लागला की फुकट बेस मिळतो म्हणून रन येतो आणि मॅच जिंकतात. मॅनेजर लोकांची इतकी सालटी दुसऱ्या कुणी काढली असतील तर दाखवा.

क्वीन्सकरीण:
ती पोस्ट माझीच, आडून बोलायची गरज नव्हती. सासरे साताऱ्याहून आले होते तेव्हा तुमचा हा महान भाग लावला, क्रिकेट सोडून काही न बघणारा माणूस, दहा मिनिटांत पेपर उघडला. मग 'साइनफेल्ड' ही विनोदी मालिका लावली. न्यूयॉर्क यांकीज टीमचा मालक स्टाइनब्रेनर गैरसमजातून स्वतः घरी येतो सांगायला की तुमचा मुलगा गेला, आणि बाप ओरडतो जे ब्यूनरसारखा खेळाडू दुसऱ्या टीमला का दिलात म्हणून! सासरे हसून लोळले. ब्यूनर कोण, त्याच्या बदल्यात आलेला केन फेल्प्स कोण, त्यांना काय घेणंदेणं. याला म्हणतात लेखन.

हडसनपार:
सासऱ्यांवर निकाल लागणार असेल तर उद्यापासून धागेच बंद करू 😄
बाप्या बरोबर बोलतोय. २०२० वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची फायनल, सात मॅचची), गेम ६ आठवा. टँपाच्या पिचर स्नेलने नऊ जणांना स्ट्राइकआउट केलंय, फक्त ७३ पिचेस (बॉल) झालेत, आणि टँपाचा मॅनेजर चालत येतो बॉल काढून घ्यायला. का? कागदावर लिहिलंय तिसऱ्यांदा तेच बॅटर आले की पिचरला मार पडतो. पुढच्याच बॅटरने, डॉजर्सच्या बेट्सने, डबल (दोन बेसचा फटका) मारला, आणि डॉजर्स चॅम्पियन. बर्न्सच की तो! मी तेव्हा रिमोट फेकला, बायको दोन दिवस बोलली नाही.

आकडेमोड:
झालं सुरू, आकड्यांना शिव्या. स्नेल त्या सीझनमध्ये सहा इनिंग्ज पुऱ्या कधी करत होता ते बघा आधी. शंभरदा बरोबर ठरलेला निर्णय कुणाला आठवत नाही, एकदा चुकला की पाच वर्षं रडारड.

हडसनपार:
आणि २०२५ला काय झालं? डॉजर्सचा पिचर यामामोतोने वर्ल्ड सिरीजच्या गेम ६ला ९६ पिचेस टाकले आणि दुसऱ्या दिवशी गेम ७मध्ये परत येऊन अकराव्या इनिंगपर्यंत टिकून मॅच संपवली. कुठल्या टक्केवारीत बसतं हे?

आकडेमोड:
एकाच माणसात बसतं. बाकीच्यांचा खांदा गेला असता. पण बरं, डोळ्यांनी बघणारे तुम्ही थोर, आम्ही आपले कारकून.

प्लेटमागचा:
त्यापेक्षा २०२६पासून मेजर लीगमध्ये अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या (पिच बरोबर पडला की नाही) निर्णयाला चॅलेंज आलंय त्यावर बोला ना. टीमला दोन, मागणार बॅटर, पिचर नाहीतर कॅचर. मी लहान पोरांच्या लीगमध्ये अंपायरिंग करतो, आता नऊ वर्षांचं पोरगं स्वतःच्या डोक्यावर टपली मारून (चॅलेंजची खूण ती) मला चॅलेंज करतंय 😡

क्वीन्सकरीण:
काका, वेगळा धागा काढा.
आणि बाप्या, त्या नऊ स्टारांतल्या यांकीजच्या डॉन मॅटिंगलीचे कल्ले राहिले. बर्न्स कल्ले काप म्हणून त्याला टीमबाहेर काढतो तो जोक पेपरातून ढापलेला आहे. १९९१च्या ऑगस्टमध्ये यांकीजनी त्याला केस न कापल्याबद्दल खरंच बसवलं होतं.

बाप्या_ब्राँक्स:
हेच ऐकायचं होतं! मॅटिंगलीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग त्या भानगडीच्या *आधी* झालं होतं. मॅटिंगलीलाच नंतर वाटलं असेल कुणी चेटूक केलं. लेखक बातमीच्या पुढे होते, ताई. आणि मॅटिंगलीवर बोलायचं तर सावकाश बोला. १९८२ ते ९५ एका टीमसाठी पाठ मोडून घेतली, हा टीम सोडून गेला आणि ९६ला यांकीज वर्ल्ड सिरीज जिंकले. २०२५ला टोरोंटोचा बेंच कोच (मॅनेजरचा मदतनीस) म्हणून पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजला पोचला, गेम ७, जिंकायला दोन आउट बाकी, आणि डॉजर्सचा रोहास होमरन मारून बरोबरी करतो. रोहास! मी पन्नाशीचा माणूस, सोफ्यावर डोकं धरून बसलो. वर त्याच डिसेंबरात बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या (दिग्गजांची मानाची यादी) कमिटीने दुसऱ्या एका खेळाडूला, जेफ केंटला, घेतलं आणि ह्याला परत बाहेर ठेवलं.

आकडेमोड:
२२२ होमरन, खरी भारी वर्षं सहा. केंटचे ३७७. हॉल ऑफ फेम आहे, सहानुभूती फंड नाही.

बाप्या_ब्राँक्स:
.३०७ बॅटिंग ॲव्हरेज, नऊ गोल्ड ग्लव्ह (उत्तम फील्डिंगचं बक्षीस), ८५चा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू). तू त्याला खेळताना बघितलंयस का एकदा तरी? एक्सेल उघडून बेसबॉल शिकलेली पिढी.

आकडेमोड:
पर्सनल होऊ नका. माझा जन्म ९४चा, बघणार कसा? आणि होमरला कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमने २०१७मध्ये गंमत म्हणून सन्मानाने घेतलंच की, त्याच्यामागून लावा मॅटिंगलीचा नंबर.

क्वीन्सकरीण:
😂😂 बाप्या, रेकॉर्डिंगचं खरं असेल तर कल्ल्यांपुरती तुमची टीम जिंकली, घ्या. पण खेळाडूंनी दाढी ठेवायची नाही ही जुनी बंदी यांकीजनी २०२५ला उठवली, तेव्हा त्या जोकचा अर्धा दम गेला. ब्यूनर मात्र १९८८ला दिला तो दिलाच, तिथं काही बदलता येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात सासरे येतायत, तुमचा होमर परत लावते, पेपर लपवून ठेवते आधी.